गेम चालू झाला, आता ईमेलचा पासवर्ड बघा

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त आली. एका ऑनलाइन गेमिंग कंपनीकडून खेळाडूंची माहिती चोरीला गेली आणि त्यावरून घराघरात, कट्ट्याकट्ट्यावर वाद लागलेत. त्यातली तीन पत्रं घेतो.

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेतली सहा जणं रोज रात्री जेवणं झाली की एक ऑनलाइन गेम खेळतो. मागच्या आठवड्यात कंपनीचा मेल आला की नाव, ईमेल, मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि ‘सुरक्षित स्वरूपातले’ पासवर्ड बाहेर गेलेत. चोरी होऊन बरेच दिवस झाल्यावर कळवलंय. ग्रुपवर नुसता दंगा. एक म्हणतो, माझ्याकडं चोरण्यासारखं हायच काय? दुसऱ्याला भरपाईत स्किन, म्हणजे गेममधल्या पात्राचा नवा पोशाख, मिळणार का एवढंच पायजे. तिसऱ्यानं फोनातनं गेमच उडवला आणि म्हणतो सुटलो. मी एकटा पासवर्ड बदलत बसलोय, तर मला भित्रा म्हणत्यात. कोण बरोबर?
— एक वाचक, मंगळवार पेठ (नाव छापू नये)

उत्तर : तू बरोबर आहेस भावा. पण तुझा स्किनवाला मित्रही वाटतो तितका येडा नाही, त्याच्याकडं नंतर येतो.

आधी ‘माझ्याकडं हायच काय’वाला. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते २०११ च्या एप्रिलात. तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गेमिंग पार्लरवर मी संध्याकाळचा बसायचो. शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच सुटली की पोरं थेट पार्लरवर यायची, आणि मैदानात ज्यांची पेठ हरली ते फिफा या फुटबॉलच्या गेमवर वचपा काढायचे. एके दिवशी प्लेस्टेशनचं ऑनलाइन नेटवर्क लागेचना. पोरांना वाटलं आमचंच नेट गंडलंय. मोडेम काढून परत लावून झाला, केबलवाल्याला शिव्या घालून झाल्या. घरी ज्यांच्याकडं प्लेस्टेशन ३ होतं त्यांचंही तेच.

झालं होतं असं : १७ ते १९ एप्रिलच्या दरम्यान कुणीतरी प्लेस्टेशनवाल्या सोनी कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरलं होतं. २० तारखेला कंपनीनं अख्खं नेटवर्क बंद केलं. सुमारे ७ कोटी ७० लाख खाती त्यात होती. पण लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा, पासवर्ड गेलेत हे कंपनीनं सांगितलं २६ तारखेला. मधल्या काळात जगभरची पोरं ‘कधी चालू होणार’ एवढंच विचारत होती. अमेरिकेत तर १९ तारखेलाच नवी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ दुकानात आलेली, म्हणजे गेम हातात आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बंद. १ मे रोजी टोकियोत सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख कझुओ हिराई आणि त्यांचे सहकारी कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागताना सगळ्यांनी बघितले. नेटवर्क परत यायला तीन आठवड्यांच्या वर गेले.

त्या बातमीनंतर आमच्या पार्लरवरचा सूर एकच. ‘आपल्याकडं क्रेडिट कार्डच नाही, आपलं काय जाणार?’ कार्ड नव्हतं हे खरंच. पण त्यांच्यातल्या बहुतेकांचा जो पासवर्ड गेमला, तोच ईमेलला, तोच ऑर्कुटला. आणि चोराला तुमचा गेम खेळायचाच नसतो. तो ईमेल आणि पासवर्डची जोडी उचलतो, आणि प्रोग्रॅम लावून तीच जोडी ईमेल, शॉपिंग, वॉलेट अशी शेकडो ठिकाणी चालवून बघतो. कुठंतरी लागतेच. तुझ्या मित्राकडं चोरण्यासारखं काही नसेल, पण त्याच्या ईमेलवर त्याच्या वडिलांचं आधार, पॅन, कॉलेजच्या फीची पावती यांतलं काय काय पडलंय ते त्याला एकदा शोधून बघायला सांग.

आता ते ‘सुरक्षित स्वरूपातले पासवर्ड’. चांगली कंपनी पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश करून ठेवते. उसाचा रस काढला की त्या रसाचं परत कांडं होत नाही, तसंच हे. हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. मग चोर काय करतो? नेहमी वापरले जाणारे पासवर्ड घेतो, एकेकाचा रस स्वतःच काढतो आणि चोरलेल्या रसाशी जुळतोय का बघतो. जुळला की पासवर्ड कळला. म्हणून कंपनीनं काय लिहिलंय त्यापेक्षा तू पासवर्ड काय ठेवला होतास याला महत्त्व जास्त. कोल्हापुरात नावापुढं ०९ लावलेले पासवर्ड मी दुरुस्तीला आलेल्या मशीनवर इतके बघितलेत, की एमएच ०९ ही गाडीची पाटी आहे की कुलूप असा प्रश्न पडावा. असले पासवर्ड पहिल्या फेरीतच फुटतात. शिवाय काही कंपन्या प्रत्येक खात्याच्या पासवर्डला अक्षरांचा वेगळा तुकडा जोडून मग हॅश करतात, त्याला सॉल्ट म्हणतात. त्यानं चोराचं काम बरंच वाढतं. तुमच्या मेलमध्ये त्याचा उल्लेख नाही, तेव्हा नसेल असंच धरून चाल.

गेम उडवणाऱ्या मित्राचं फार बोलत नाही. फोनातला गेम गेला, सर्व्हरवरचं खातं तिथंच आहे. परत टाक म्हणावं, पासवर्ड बदल, मग सेटिंगमध्ये जाऊन खातंच बंद करायची विनंती कर. जे बाहेर गेलंय ते त्यानं परत येत नाही, पण पुढच्या चोरीत तरी नाव नको.

आता स्किनवाला. २०११ मध्ये नेटवर्क परत आल्यावर सोनीनं ‘वेलकम बॅक’ म्हणून पाच गेममधले कुठलेही दोन फुकट दिले होते. पोरं खूश. लिटल बिग प्लॅनेट घेऊ का इन्फेमस, यावर दोन दिवस चर्चा, आणि पासवर्डचा विषय तिथंच मिटला. मला तेव्हाही ते खटकलं होतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं नंतर, जानेवारी २०१३ मध्ये, सोनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवलं असतं तर हा हल्ला टळला असता, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. म्हणजे चूक कंपनीची हे नीट ठरलं, पण राजारामपुरीतल्या पोरांच्या हातात आले ते दोन गेमच.

आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहितीची पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चोरी झाली तर ज्याची माहिती गेली त्याला कळवायचं बंधन आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना त्यात दीड वर्षाची मुदत दिली. आणि तो दंड जातो सरकारी तिजोरीत, खेळाडूला त्यातला रुपया नाही. तेव्हा भरपाई मागण्यात तुझ्या मित्राचं काही चुकलं नाही. मागणी मात्र लई स्वस्त आहे. मला विचारशील तर स्किनपेक्षा ‘इतके दिवस गप्प का बसला’ याचं उत्तर मागा. ते सगळ्यांनी मिळून मागितलं तरच मिळतं, नाहीतर मिळतो तो ‘आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असा तयार मेल.

तू पासवर्ड बदलतोयस ते चांगलं, फक्त क्रम नीट लाव. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळीकडचे ‘पासवर्ड विसरलात?’चे मेल तिथंच येतात. मग जिथं जिथं तोच पासवर्ड होता ती खाती, आणि गेमचा. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेव. लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, वापर, आणि तेही जमत नसेल तर घरातल्या वहीत लिही. रशियातला चोर मंगळवार पेठेत वही बघायला येत नाही. ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर एक कोड) चालू कर, जमलं तर एसएमएसऐवजी फोनातच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर. ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाची साइट ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंटनं २०१३ मध्ये सुरू केलीय. तिथं ईमेल टाकलास की आजवर कुठल्या कुठल्या चोरीत तो गेलाय ते दिसतं. सगळ्या ग्रुपचे ईमेल एकदा टाकून बघा. भित्रा कोण ते मग ठरवा.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गेमला त्यानं माझाच मोबाइल नंबर आणि माझाच ईमेल दिला होता. आता माझ्या व्हॉट्सॲपवर ‘डेटा चोरीबद्दल भरपाई, आजच क्लेम करा’ असा मेसेज आलाय, सोबत लिंक. मुलगा म्हणतो, आई दाब, गेमात वापरायचे डायमंड फुकट आहेत. माझ्या फोनवर गुगल पे आहे. फोन काढून घेऊ का त्याच्याकडून?
— एक गृहिणी, कदमवाडी

उत्तर : ताई, लिंक दाबू नका. हा मेसेज कंपनीचा नाही असंच धरा. चोरीनंतरची दुसरी चोरी अशीच होते. तुमचा नंबर, मुलाचं नाव, कुठला गेम, हे सगळं माहीत असलेला माणूस मेसेज करतो, म्हणून तो खरा वाटतो. कंपनी खरंच काही देणार असेल तर ते गेम उघडल्यावर आतच दिसेल, त्यासाठी व्हॉट्सॲप लागत नाही.

गुगल पेबद्दल एवढंच घट्ट लक्षात ठेवा : पैसे येताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. ओटीपी तर मुलालाही वाचून दाखवायचा नाही. कार्डाची काळजी त्या मानानं कमी करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे बदली नंबर, असतं. तरी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद करून टाका, लागतील तेव्हा चालू करता येतात.

चुकून दाबलं आणि पैसे गेलेच तर भावाला, शेजाऱ्याला विचारत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मग बँकेला. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवायची शक्यता जास्त असते.

फोन काढून घेऊ नका. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर तो तुम्हाला दाखवणारच नाही. यानं दाखवला, हे चांगलं झालं. त्याला शेजारी बसवून त्याच्याच हातानं तुमच्या ईमेलचा पासवर्ड बदलून घ्या. ही पोरं आपल्यापेक्षा भराभर करतात, आणि गेमसाठी त्याचा वेगळा ईमेल काढायचं कामही त्यातच उरकेल. नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. तेव्हा कंपनी तुम्हाला विचारायला येईल. सध्या तुम्हीच विचारा, कुठल्या कुठल्या गेमला माझा नंबर दिलायस म्हणून. यादी लांब असेल, रागावू नका.

प्रश्न : इचलकरंजीच्या एका मित्राकडनं मी भारी स्किन असलेलं अकाउंट विकत घेतलं होतं. चोरीनंतर कंपनीनं सगळ्यांना बाहेर काढलंय आणि परत आत जायला मूळ ईमेलवर आलेला कोड मागतंय. ईमेल मित्राचा आहे. काय करू?
— वाचक, हातकणंगले

उत्तर : कंपनीला लिहिण्यात अर्थ नाही. बहुतेक गेमच्या नियमात खातं विकणं-घेणं बंदच असतं, आणि तू सांगितलंस की ते खातं कायमचं जाईल. कागदावर ते अजून तुझ्या मित्राचंच आहे. त्याला फोन कर, कोड माग, आत गेल्या गेल्या ईमेल आणि पासवर्ड दोन्ही बदल. त्याच्याशी भांडण झालेलं असेल तर ते आधी मिटव. कोडची मुदत थोडीच मिनिटं असते, तेव्हा तो कामावर असताना फोन करू नकोस.