न पाहिलेल्या गावावर कविता लिहिणं खोटं नाही का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत जन्मलेले पॅलेस्टिनी कवी कधी न पाहिलेल्या गावावर लिहितात, ते प्रामाणिक कसं मानायचं? आणि तुमच्या ऑफिसातली तशीच एक मुलगी कविता लिहिते, तिला काय सांगायचं? पहिल्या भागावरून मी आमच्या घरात पंधरा वर्षं भांडतेय, म्हणून आधी तेच.

1990 पर्यंत आम्ही कुवेतला हवल्लीत राहायचो. हवल्ली तेव्हा जवळजवळ पॅलेस्टिनींचीच होती. शेजारचं कुटुंब मूळचं लिद्दचं, म्हणजे आता इस्रायलमध्ये असलेल्या लोद शहरातलं. इस्रायल स्थापन झालं त्या वेळच्या युद्धात, जुलै 1948 मध्ये, इस्रायली सैन्याने लिद्दमधून हजारो लोकांना भर उन्हात पायी हाकललं, त्यांत या घरातले आजी-आजोबा होते. आजी म्हणायची, दारातून आत गेलं की जिना डावीकडे. आजोबा म्हणायचे, उजवीकडे. जेवायला बसलं की हाच वाद, आणि जाऊन बघून यायची तर सोय नाही. त्यांची नात माझ्याएवढी, बारा वर्षांची, जन्म कुवेतचाच. तिने वहीत कविता लिहिली. तीत घराला दोन जिने होते आणि ती खाली उभी राहून विचार करत होती, कुठल्याने चढलं तर कोण रागावेल. आता सांगा, यात न पाहिलेलं काय? तिने रोज रात्री पाहिलेलं होतं तेच लिहिलं.

2 ऑगस्टला इराकी फौजा घुसल्या. सप्टेंबरात आम्ही बसने बगदादवरून अम्मानला पोचलो आणि तिथून एअर इंडियाने मुंबईला. शेजाऱ्यांना अशी मुंबई नव्हती. कुवेतमध्ये तेव्हा सुमारे 4 लाख पॅलेस्टिनी होते. बरेच जण त्या धामधुमीतच गेले, उरलेल्यांतल्या बहुतेकांना 1991 मध्ये घालवलं, का तर पॅलेस्टिनींचे नेते अराफत इराकच्या सद्दामच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे त्या मुलीचं दुसरंही गाव गेलं, आणि हे तर तिने पाहिलेलं होतं.

ही गोष्ट मी डोंबिवलीला घरगुती काव्यवाचनात सांगितली. थोरले मामा गझल लिहितात. म्हणाले, "उसनं दुःख आहे गं हे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा स्वतः चाळीस वर्षं डोंबिवलीत राहून राजापूरजवळच्या वाडीवर लिहितात, ते मात्र अस्सल! आणि गझलेत शेराच्या एका ओळीला आपण मिसरा म्हणतो, त्या शब्दाचा अरबीत अर्थ दाराची एक फळी. दोन फळ्यांचा होतो बैत, म्हणजे शेर, आणि बैत म्हणजे घरही. हे मला त्या मुलीनेच सांगितलं होतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, विषय बदलू नकोस.

पाहिलेलंच लिहायचं ठरवलं तर पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीशांचंही अवघड होईल. जन्म 1941, गाव अल-बिरवा. 1948 मध्ये कुटुंब लेबनॉनला पळालं, परत आलं तेव्हा गाव जमीनदोस्त झालेलं. सहा-सात वर्षांच्या पोराला कितीसं दिसलं असेल? नेओमी शिहाब नाय यांचा जन्म सेंट लुईसचा, वडील जेरुसलेमचे. त्यांच्या कवितेत वडिलांना अंजिराचं झाड हवं असतं आणि ते लागतं शेवटी डॅलसमध्ये. सुहैर हम्माद ब्रुकलिनमध्ये वाढल्या, त्यांची लय हिप-हॉपची. कवी फादी जूदा ह्यूस्टनमध्ये डॉक्टर आहेत आणि दरवीशांचे अनुवादकही.

तर तुमच्या ऑफिसातल्या मुलीला सांगा, जैतून आणि (सोडून आलेल्या घराची) किल्ली हे दोन शब्द वर्षभर बंद. या प्रतिमा खऱ्याच आहेत, पण कवितेत आल्या की वाचणारा आधीच हळहळायला लागतो आणि पुढचं वाचतच नाही. आजीला खोदून खोदून प्रश्न विचार म्हणावं, आणि घरातल्यांची उत्तरं जुळत नसतील तिथून सुरुवात कर. इंग्रजीत लिहिलं म्हणून लाजायचं कारण नाही. आणि कुणी मामा भेटलेच तर त्यांच्यासमोर वाचू नकोस.

हां, मी पॅलेस्टिनी नाही, अरबी येतं ते जिन्यात खेळताना शिकलेलं, ही सगळी मंडळी मी इंग्रजीतूनच वाचली आहेत. गाझात राहून लिहिणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना हा सल्ला देण्याची माझी हिंमत नाही.

आणि मामांवर जरा अन्याय झाला असेल. त्यांची वाडीवरची एक गझल खरंच चांगली आहे. गणपतीत सगळे तिकडे जातो तेव्हा ते ओटीवर बसून म्हणतात. जिना आत गेल्यावर डावीकडे आहे, यावर आमच्यात कधी वाद झालेला नाही.