चार जर्नल्स बघून भागतं का?

प्रश्न : सर, पीएचडीसाठी लिटरेचर रिव्ह्यू चाललाय. गाईड म्हणतात आपल्या विषयाची चार-पाच जर्नल्स नीट बघ, बास. पण सर्च मारला की कुठल्या तरी भलत्याच जर्नलमधून एकदम कामाचा पेपर निघतो! पेपर असे विखुरलेले का असतात आणि किती जर्नल्स बघायची? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, गाईडचं निम्मं बरोबर आहे, खरं तर निम्म्याहून कमीच.

लंडनच्या सायन्स म्युझियम लायब्ररीत सॅम्युअल ब्रॅडफर्ड म्हणून गृहस्थ होते, त्यांनी 1934 साली हाच हिशेब मांडला. उपयोजित भूभौतिकी, म्हणजे जमिनीखालचं तेल, खनिज वगैरे मोजमापं घेऊन शोधायचं शास्त्र, त्यातले 1928 ते 1931 मधले 1332 संदर्भ घेतले आणि कुठल्या जर्नलमध्ये किती ते मोजलं. निघाली 326 जर्नल्स! त्यातल्या फक्त 9 मध्ये 429 पेपर, पुढच्या 59 मध्ये 499, आणि उरलेले 404 तब्बल 258 जर्नल्समध्ये, म्हणजे एकेकात जेमतेम एक-दोन. गाईड सांगतात ती ही पहिली 9, तिथे साधारण एक तृतीयांश माल मिळतो आणि बाकीचा बाहेरच राहतो.

असं होतं कारण विषय नवा असताना त्याचं हक्काचं जर्नल नसतंच, फिजिक्सवाला फिजिक्सच्या जर्नलला पाठवतो, खाणवाला खाणीच्या, तेलवाला तेलाच्या. मग विषय वाढतो, स्वतःचं जर्नल निघतं (अमेरिकेत ‘जिओफिजिक्स’ 1936 ला सुरू झालं), नाव झालं की सगळे तिकडेच पाठवायला लागतात आणि गर्दी तिथे जमते. पण तेवढ्यात तीच पद्धत दुसरे उचलतात, पुरातत्त्ववाल्यांनी पुरलेल्या भिंती शोधायला हीच यंत्रं घेतली आणि त्यांचे पेपर अर्थातच पुरातत्त्वाच्या जर्नलमध्ये गेले, झालं, परत पांगापांग. त्यात 2006 मध्ये प्लॉस वन नावाचं जर्नल आलं, तिथे सगळ्याच शाखांचं चालतं, त्यामुळे जर्नलच्या नावावरून विषय ओळखायची सोयही गेली.

म्हणून जर्नल्स मोजत बसू नका. गाईडची पाच अंक-दर-अंक चाळा, ते टाळू नका, पण बाकीच्यांसाठी पेपरवरून पेपरकडे जा. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो त्यासाठीच, कोणी कोणाचा संदर्भ दिलाय ते धरून जायचं, मग जर्नल कुठलं का असेना. तुम्हाला गूगल स्कॉलरवर फुकट जमेल. तुमचा सगळ्यात कामाचा पेपर तिथे शोधा, नावाखाली तो कोणी-कोणी वापरलाय ती लिंक असते ती बघा, आणि मागे त्याची संदर्भयादीही बघा. तीच-तीच नावं परत यायला लागली की थांबा, आणि अलर्ट लावून ठेवा, नाहीतर व्हायवाच्या आठवड्यात नेमका नवा पेपर येतो.