वीस प्रश्नांत नवरा कळतो का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहतो. लग्नाला सात वर्षं झाली. घरी सासू-सासरे, दीर, दोन लेकरं, शेती कापूस-तुरीची. मैत्रिणीनं मोबाईलवर ‘तुमचा जोडीदार किती रोमँटिक?’ अशी वीस प्रश्नांची चाचणी पाठवली. फूल देतात का, वाढदिवसाला केक आणतात का, प्रेम बोलून दाखवतात का, असे प्रश्न होते. यजमानांना तीन गुण पडले. तेव्हापासून मन लागत नाही. हा माणूस मुळातच कोरडा असेल का?

उत्तर : ताई, फुलाचं दुकान तालुक्याला आणि सासऱ्यांसमोर नवरा-बायकोनं मोकळं बोलायची सोय नाही, अशा घरात त्या चाचणीत कुणालाही तीन-चारच गुण पडतील. ते मनाला लावून घेऊ नका.

रोमँटिकपणा अभ्यासकांनीही मोजला आहे. सुसान स्प्रेचर आणि सँड्रा मेट्स या अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये १५ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. पहिल्या नजरेत प्रेम होतं, आपल्यासाठी जगात एकच माणूस असतो, आपलं माणूस अगदी निर्दोष असतं, प्रेम सगळ्या अडचणींतून वाट काढतं, या चार समजुती कुणाच्या मनात किती पक्क्या आहेत ते त्यातून कळतं. त्या अभ्यासात पुरुषांचे गुण सरासरीनं बायकांपेक्षा जास्त आले! पण ही मोजपट्टी मनातल्या समजुतींची आहे. ‘माझ्यासाठी तूच’ असं मनापासून मानणारा माणूस बायकोला ताप आला तर कपाळाला हात लावून पाहीलच, असं नाही.

रोजचं वागणं पाहिलं ते जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी. नवी लग्नं झालेल्या जोडप्यांचं एकत्र राहणं त्यांनी चित्रित केलं आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा विचारपूस केली. एकानं सहज म्हटलं, ‘आभाळ भरून आलं पाहा’, तर दुसऱ्यानं मान वर केली का? टिकलेल्या जोडप्यांत अशा १०० हाकांपैकी ८६ हाकांना ओ मिळाली होती. मोडलेल्यांत फक्त ३३.

तेव्हा चाचणी घ्यायचीच तर ही घ्या. सात दिवस वहीत दोन रकाने करा. एकात तुमच्या हाका आणि त्यांना ओ मिळाली का, दुसऱ्यात त्यांच्या हाका आणि तुम्ही ओ दिली का. दुसरा रकाना बहुतेक जणी विसरतात. ‘आज वेचायला चारच बाया आल्या’ ही तक्रार वाटते, पण ती हाकही असते. रात्रीची लाईन म्हणून दोन वाजता ओलीत करून आलेला माणूस तुमची झोप मोडू नये म्हणून बॅटरी भिंतीकडं धरून आत येत असेल, तर तेही लिहा. कोणत्याच चाचणीत त्याला गुण नाहीत, पण आमच्या मते ते केकपेक्षा मोठं आहे.

याचा अर्थ तुमची हौस मारा असा नाही. ती मागा, पण नेमकी मागा. ‘तुम्हाला माझी कदरच नाही’ म्हटलं की समोरचा आरोप ऐकतो आणि गप्प होतो. ‘या बाजाराला मला संग न्या, येताना दहा मिनिटं धुऱ्यावर बसू’ हे त्याला करता येतं. एका वेळी एकच गोष्ट सांगा. ओलितावरून आल्याबरोबर किंवा कापूस विकून आल्या दिवशी विषय काढू नका, सासूबाईंसमोर तर नाहीच. लेकरं निजल्यावर बोला. आणि त्यांनी ते केलं की तिथंच ‘बरं वाटलं’ म्हणा. बहुतेक घरांत घोडं इथंच अडतं : गजरा येतो, आणि बायको म्हणते, ‘सांगितलं तेव्हा आणला.’ मग दुसरा गजरा येत नाही.

एक मात्र नीट पाहा. आधी बोलका असलेला माणूस दोन आठवड्यांहून जास्त गप्प असेल, झोप-जेवण तुटलं असेल, ‘आता काय उरलं’ असं म्हणत असेल, तर हा प्रश्न रोमँटिकपणाचा नाही. फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, किंवा मनाच्या त्रासासाठी असलेल्या १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो.

प्रश्न : साक्षगंध झालं, लग्न वैशाखात आहे. रोज दोन-दोन तास फोन चालतो, पण विषय संपले. ती म्हणते, तुम्ही रोमँटिक नाही. शायरी पाठवू का?

उत्तर : भाऊ, उसनी शायरी लगेच ओळखू येते. फोन अर्ध्या तासावर आणा आणि विचारायला शिका. आर्थर अॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांना ३६ प्रश्न दिले होते, साध्यापासून हळूहळू आतल्या गोष्टींकडं जाणारे. दोघांनीही उत्तरं द्यायची. पाऊण तासात त्यांच्यात जवळीक वाढलेली दिसली. तुम्ही रोज एकच विचारा : माहेरची कोणती गोष्ट सोडवणार नाही? घरात कोण रागावलं की धास्ती वाटते? तिचं उत्तर लक्षात ठेवून दोन दिवसांनी त्यावर पुन्हा बोला. तुमचंही खरं सांगा : पाणी किती लांबून आणावं लागतं, कर्ज किती आहे, तिला शेतात यावं लागेल की नाही. हे तिला लग्नानंतर कळलं, तर आज पाठवलेली शायरी तिला फसवणूक वाटेल.