वय ४३, खालचा जबडा एका बाजूला सरकलाय आणि दोन दाढा नाहीत. आधी तारा लावाव्यात की इम्प्लांट?

बहुतेक वेळा आधी तारा. मी डॉक्टर नाही, पण जवळजवळ असंच तोंड घेऊन ४५व्या वर्षी सांगलीत दवाखान्याची पायरी चढलोय, म्हणून लिहितो.

माझी खालची डावी दाढ तिशीत काढली होती. मागची दाढ, कुणाला दिसतेय, म्हणून जागा तशीच सोडली. पंधरा वर्षांत तिच्या मागची दाढ फटीत कलंडली आणि वरची, टेकायला खाली काहीच नाही म्हणून, हळूहळू खाली उतरली. तोंड मिटताना ती आड यायची, म्हणून जबडा उजवीकडे सरकवून मिटायची सवय लागली. भडंगातले शेंगदाणे मी एकाच बाजूनं चावतो हे मला कळलंही नव्हतं. हनुवटी वाकडी दिसते म्हणून बायकोनं टोकलं, तेव्हा लक्षात आलं.

पहिल्या ठिकाणी त्याच आठवड्यात इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा स्क्रूचा दात, बसवायचं ठरत होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एक्स-रे) बघून थांबवलं. आपला दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पदर असतो. तारेचा हलका दाब सतत राहिला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. हे कुठल्याही वयात होतं, फक्त हिरड्या धड हव्यात. इम्प्लांटला मात्र तो पदरच नसतो, टायटॅनियम थेट हाडाशी एकजीव होतं. (स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या पेशंटला असे दात बसवले.) एकदा धरला की तो तारेनं हलत नाही. चुकीच्या जागी बसला तर बाकीचे दात त्याच्या तालावर नाचवावे लागतात. मला कलंडलेली दाढ उभी करायला १४ महिने लागले, मग इम्प्लांट, आणि चार महिन्यांनी त्यावर कॅप.

आता तुमचा जबडा. तो माझ्यासारखा सवयीनं सरकतोय की हाडच तसं वाढलंय, हे आधी ठरवून घ्या. डॉक्टर जबडा सैल सोडायला लावून हळूच मिटवतात आणि पहिला दात कुठे टेकतो ते बघतात. हाडाचाच फरक असेल तर या वयात तारांनी हाड सरकत नाही. फरक थोडा असेल तर दात हलवून झाकता येतो, जास्त असेल तर ऑपरेशन. त्यात आधी तारा, मग पूर्ण भूल देऊन हाड कापून प्लेटनं बसवतात, नंतर पुन्हा काही महिने तारा. माझ्या भाच्याचं झालं. सहा आठवडे पातळ आमटी-भात, आणि खालच्या ओठाला बधिरपणा, जो काहींचा पूर्ण जात नाही. चेहरा सुंदर होईल एवढ्यासाठी मी तरी ते केलं नसतं. आणि हो, सरकणं अलीकडेच सुरू झालं असेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर तारा-बिरा राहू द्या, आधी त्याचं कारण शोधा.

दाढांच्या जागी इम्प्लांटच हवा असं नाही. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला जोड-दात) बरा. ते धडधाकट असतील तर ब्रिजसाठी घासून बारीक करणं जिवावर येतं. काढता येणारी कवळी सगळ्यात स्वस्त, पण भाकरी चावताना हलते. दाढ काढून बरीच वर्षं झाली असतील तर तिथलं हाड खचलेलं असतं. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढल्यावर कळतं, कधी हाड भरावं लागतं. शुगर ताब्यात नसेल किंवा विडी-सिगारेट असेल तर इम्प्लांट न धरण्याचा धोका वाढतो. मिश्रीही आधी सोडा. आपल्याकडे ती व्यसनात धरतच नाहीत, पण ती तंबाखूच आहे.

सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कराडला कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे. तारांचे, कृत्रिम दातांचे आणि जबड्याच्या ऑपरेशनचे डॉक्टर तिथे एका छताखाली भेटतात. तुमच्या केसमध्ये तिघांनी एकत्र बसून ठरवायला हवं. जाताना जुना ओपीजी आणि दाढा कुठल्या साली काढल्या ते लिहून न्या. मला ते साल आठवत नव्हतं, शेवटी आईला फोन लावावा लागला.