क्लबच्या डोंगरातल्या निवाऱ्यात डिसेंबरात मुक्काम: माणशी एक रजई पुरेल की दोन?

तुम्ही आठजण मुंबईहून कळसूबाईच्या बाजूला एका ट्रेकिंग क्लबच्या दगडी निवाऱ्यात दोन रात्री राहणार आहात आणि विचारताय, रजया किती न्यायच्या आणि जेवणाचं प्रमाण काय धरायचं.

एकही नको, त्याऐवजी माणशी एक कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली अंथरायची फोमची चटई न्या. पांघरायला घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग हवीच, पण तिथली थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. आमच्या ग्रुपात हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. दुसऱ्या बाजूची मंडळी अजूनही तीन किलोची रजई पाठीला बांधून कसाऱ्याला उतरतात आणि पहाटे चारला कुडकुडत उठून बसतात.

कारण साधं आहे. ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. अंगाखाली गेलेली रजई वजनाने दबते, हवा निघून जाते आणि उरतं ते जाड फडकं. खालची फरशी रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. फोमची कॅरीमॅट दबत नाही, कारण तिच्यातली हवा बंद बुडबुड्यांत असते. आठ-दहा मिलिमीटर जाडीची घ्या, योगाची पातळ नको. आधी ताडपत्री किंवा चवाळं, त्यावर वर्तमानपत्राचे सहा-सात थर, मग मॅट. मॅट कमी पडल्या तर खांद्यापासून कमरेपर्यंतचा भाग आधी झाका, पायांखाली रिकामी सॅक चालते. दगडी भिंतीपासून हातभर लांब झोपा. कानटोपी घाला, घामट मोजे बदला. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा. पाण्याच्या साध्या प्लास्टिक बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, ती आक्रसते आणि गळते.

थंडी वाजली की कोणीतरी हमखास कोळशाची शेगडी आत आणायची टूम काढतं. साफ नाही म्हणा. धूर संपला, निखारे लाल झाले, म्हणजे धोका संपला असं नसतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच निखाऱ्यांतून येतो आणि त्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं चालून दमलोय, आणि तो झोपतो. शेगडी ओसरीवरच राहू द्या. खिडकीही चार बोटं उघडी ठेवा. आठजणांच्या श्वासाचा ओलावा बाहेर गेला नाही तर तो पांघरुणात मुरतो आणि तेच गार पडतं.

जेवणाचं विचारलंयत म्हणून: खिचडीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, पन्नास ग्रॅम मूगडाळ, पाणी चौपट. आठजणांना पातेलं किमान आठ लिटरचं हवं, नाहीतर उतू जाऊन बर्नर विझतो. रात्री उरलेलं अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पिशवी उंदीर कुरतडतात, मग खुंटीला टांगलेली असली तरी. सकाळी बूट झटकून मगच पाय घाला, विंचू असू शकतो.

बाकी केरवारा, भांडी, कचरा परत खाली आणणं हे क्लबच्या जागेत तुमचंच काम, ते सांगायला नको.

थोडं राहिलं. हे सगळं कोरड्या थंडीसाठी आहे, पावसाळ्यात वर्तमानपत्राचा लगदा होतो. दम्याचा त्रास असलेल्याला चुलीपासून लांब जागा द्या. आणि आता कोणी म्हणेल, तिथे गाद्या आहेत की! असतील. गादीवर गुडघा टेकवून बघा, खालची फळी टोचली तर तीही रजईच समजा आणि मॅट घाला.