म्हशींवर ढकलून लेकीला अडवू नका

नमस्कार दादा,

शिरोळ तालुक्यातून आलेलं तुमचं दोन पानी पत्र वाचलं. चार एकर ऊस, दोन म्हशी, बारावी झालेली मुलगी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. तुमचं म्हणणं, बीएस्सी ॲग्री करून एमपीएससी द्यावी. कारण काय, तर ‘जनावरांमुळे पृथ्वी तापते, चराईनं डोंगर बोडके होतात, या धंद्याला भविष्य नाही. शेती पर्यावरणाला धरून आहे.’

मार्कांची मला काळजी नाही. खटकलं ते ‘आमचं ठरलंय’. अख्ख्या पत्रात पोरगी काय म्हणते याची एक ओळ नाही. आणि शेवटी खरं कारण निसटलंच: ‘पोरीच्या जातीनं गोठ्यात हात घालायचा?’ मग पर्यावरणाला मध्ये कशाला ओढलंत? तुमच्या गोठ्यातलं शेण रोज कोण काढतं? बहुधा ती, नाहीतर तिची आई. ते चालतं, डॉक्टर होऊन गोठ्यात गेली की चालत नाही!

आता तो गैरसमज. रवंथ करणारी जनावरं ढेकरातून मिथेन सोडतात, खरं आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 27 पट तापवतो. पण उसाला टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो सुमारे 270 पट. उसाला मुळातच दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. त्यावर वारेमाप पाणी पाजून तुमच्याच तालुक्यात जमिनी क्षारपड झाल्यात. रानावरचा पांढरा थर मेंढरांनी आणलेला नाही. उलट सुगीनंतर धनगर रानात मेंढ्या बसवतो, तेव्हा लेंडीखतासाठी आपणच त्याला धान्य नाहीतर पैसे देतो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या कातळावर नांगर काय करणार? तिथं गवतच येतं. हां, एकाच उतारावर रोज कळप फिरवला तर माती वाहून जाते. किती जनावरं, किती दिवस, हे सांगणारं शिकलेलं माणूस म्हणूनच लागतं. आणि तुमच्या म्हशी चरायला जातातच कुठं? त्या उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला खातात, त्यांचं शेण उसाला जातं.

पशुवैद्यकीयला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, शिक्षण साडेपाच वर्षं, जवळचं सरकारी कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं. ॲग्रीला सीईटी, कॉलेज कोल्हापुरातच.

तुम्ही मागितलेली कॉलेजांची यादी आज देत नाही. आधी तिला गावच्या जनावरांच्या दवाखान्यात आठवडाभर जाऊ दे. अडलेली म्हैस सोडवताना डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत जातो, ते बघू दे. तरी तिचं ‘हो’ असेल, तर पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे. पेटीत टाकण्याआधी तुम्ही ते वाचायचं नाही.