आईला तीन तज्ज्ञ डॉक्टर असताना वेगळ्या फॅमिली डॉक्टरची गरज आहे का?

आपल्या आईच्या मधुमेहासाठी, रक्तदाबासाठी आणि गुडघ्यांसाठी तीन तज्ज्ञ आहेत, मग फॅमिली डॉक्टर ‘संपूर्ण माणसाचा विचार’ करतो म्हणजे नेमके काय करतो, असे आपण विचारले आहे. मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करत आहे. एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका बाईंची एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी, नेहमी सातच्या आसपास असे, ती एकदा साडेनऊ आली. रक्तदाबही वाढला होता आणि तळपायांना मुंग्या येत होत्या. तिन्ही तक्रारींवर तीन गोळ्या वाढवून चिठ्ठी पाच मिनिटांत लिहिता आली असती. परंतु त्यांचे पती चार महिन्यांपूर्वी वारले होते हे मला ठाऊक होते, म्हणून मी आधी जेवणाचे विचारले. “एकटीसाठी कुकर कशाला लावायचा?” असे त्या म्हणाल्या. सकाळी चहा-खारी, रात्री चहा-बिस्किटे आणि पहाटे तीनपर्यंत जाग, असा त्यांचा दिवस चालला होता. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी त्या रोज घेत होत्या, आणि या गोळीने शरीरात मीठ व पाणी साठून रक्तदाब वाढू शकतो. मुंग्या मधुमेहामुळेच असणार, असे त्यांनी धरून चालले होते. तसे असूही शकले असते. पण त्या शुद्ध शाकाहारी आणि आठ वर्षे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर, आणि या दोन्हींमुळे बी१२ हे जीवनसत्त्व कमी पडून मुंग्या येऊ शकतात, म्हणून ते तपासले, तर फारच कमी निघाले.

त्या ज्या तज्ज्ञांकडे जात होत्या, त्यांपैकी कोणाची यात चूक होती असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापला अवयव नीट पाहिला होता. पतीचे जाणे, ओस पडलेले स्वयंपाकघर आणि मेडिकलमधली गोळी मात्र कोणाच्याच कागदावर नव्हती.

म्हणूनच संपूर्ण माणूस पाहणे म्हणजे केवळ मायेने बोलणे नव्हे, ती निदानाचीच पद्धत आहे, असे मी आग्रहाने सांगतो. जॉर्ज एंगल या अमेरिकी डॉक्टरांनी १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच विचार शास्त्रीय भाषेत मांडला, की आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती यांचा एकत्र विचार करावा लागतो. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, मायकेल बॅलिंट हे मनोविश्लेषक लंडनमधील सामान्य डॉक्टरांबरोबर बसून त्यांच्या रुग्णांची चर्चा करत असत. सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टरच, आणि त्याची मात्रा कोणीच ठरवलेली नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. ही मात्रा मी ओळखीच्या कालावधीत मोजतो, कारण पहिल्याच भेटीत कोणीही कुकरची गोष्ट सांगत नाही.

हल्ली चूर्णांच्या डब्यांवरही ‘होलिस्टिक’ (समग्र) लिहिलेले असते, त्याच्याशी या पद्धतीचा संबंध नाही. या बाईंना बी१२ ची इंजेक्शने दिली, डायक्लोफेनॅक बंद करून गुडघ्यांचे व्यायाम शिकवले, मधुमेहाच्या औषधात थोडा बदल केला आणि भूक, झोप, जगण्याची इच्छा यांबद्दल स्पष्ट प्रश्न विचारून नैराश्य नाही ना, याची खात्री करून घेतली. शेजारच्या घरी त्यांचे संध्याकाळचे जेवण ठरले. तीन महिन्यांनी एचबीए१सी साडेसातवर आली. छातीत दुखत असते, तर मात्र गप्पा न मारता त्यांना तातडीने हृदयरोगतज्ज्ञाकडेच पाठवले असते.

आपण तिन्ही तज्ज्ञ चालू ठेवावेत, पण घराजवळचा एक डॉक्टर कायमचा ठरवावा. पहिल्या भेटीला आईची सगळी औषधे, मेडिकलमधून परस्पर आणलेली आणि आयुर्वेदिक धरून, एका पिशवीत घालून न्यावीत, आणि काही वेळ त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे.